मत्तयाला कॉपी करताना पकडणारे सर

आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या सरांनी आयुष्यभर दोनच प्रकारचे लोक पकडले. एक म्हणजे सहामाहीत एकमेकांचे निबंध उतरवणारी मुलं, आणि दुसरे म्हणजे येशूचं चरित्र लिहिणारे चौघे. पहिल्यांना ते कधी मारत नसत आणि दुसऱ्यांना मारण्याची सोय नव्हती. पण दोघांबद्दल बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मात्र सारखाच असायचा.

मी पोशीरची. घरी भातशेती, बीएड झालेली मी पहिलीच. चौकच्या अलीकडच्या त्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायला लागले तेव्हा कर्जतपर्यंत कशीबशी यायचे आणि पुढे वडापच्या रिक्षात कोंबून घ्यायचे. सर कर्जतला राहायचे आणि स्कूटरवरून जायचे. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी रिक्षा स्टँडवर स्कूटर थांबवून मला बसायला सांगितलं. बोलताना समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघावं, अशी त्यांची मुलांना शिकवण होती. समोरचा माणूस मागच्या सीटवर बसलेला असला तरी ते स्वतः ती पाळत. कर्जत-चौक रस्त्यावर निम्मा वेळ सरांचं तोंड माझ्याकडे असायचं आणि रस्त्याकडे माझं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मान वळवून विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं, मार्क आधी की मत्तय आधी?"

मला वाटलं नववीतली मुलं असतील. हजेरीपट बघून सांगते म्हणाले. सर इतके हसले की स्कूटर रस्ता सोडून एका बांधाला जाऊन टेकली. भात लावणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिल्या. मग बांधावर उभं राहूनच सरांनी मला पहिला धडा दिला. बायबलच्या नव्या करारात येशूची चार चरित्रं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही त्यांच्यावर घातलेली नावं. "घातलेली," हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. पुस्तकं आधी बिननावी फिरली, नावं मागाहून चढली, असं पुष्कळ अभ्यासकांचं मत आहे, हे त्यांनी मला शेजारच्या घरातली भानगड सांगावी तसं खालच्या आवाजात सांगितलं.

"नाव कोणी घातलं?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. स्टाफरूममध्ये कुणी मोबाइलवर आलेला सुविचार वाचून दाखवला आणि खाली एखाद्या थोर माणसाचं नाव असलं, की सर वहीतून डोकं वर न काढता विचारायचे, नाव कोणी घातलं. लग्नपत्रिकेत 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं दीड वर्षाच्या बाळाचं आमंत्रण असलं, तरी तेच. एकदा आमच्या शिपाईमामांनी घरून करवंदाचं लोणचं आणलं, बायकोनं केलंय म्हणून. सरांनी एक करवंद चाखलं, डोळे मिटले आणि तोच प्रश्न विचारला. मामा ओशाळून म्हणाले, "आईनं केलंय, पन तिला म्हनलं तर ही रुसती."

सर स्वतः ख्रिस्ती होते, नगरकडचे. नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. श्रद्धाळूही होते, रविवारची उपासना कधी चुकली नाही. लोकांना हे कोडं वाटायचं. ज्या पुस्तकावर विश्वास आहे त्याची इतकी झडती कशाला घ्यायची? सर म्हणायचे की ज्या मुलावर माझा जीव असतो त्याचीच वही मी दोनदा तपासतो. ग्रीक ते फुटपाथवरून घेतलेल्या व्याकरणावरून आपलं आपण शिकले होते. ग्रीक अक्षरं फळ्याच्या कोपऱ्यात गिरवायची त्यांना सवय होती. त्यामुळे मी नववीला पहिल्यांदा कोन शिकवायला गेले आणि थीटा काढला, तेव्हा मागून आवाज आला, "बाई, ह्ये तं मराठीच्या तासाला झालंय."

त्यांची सगळी विद्या निबंधातून आली होती. 'माझा आवडता पक्षी' या विषयावर दोन मुलांनी लिहिलं होतं की मोर आपला पसारा फुलवतो. पिसारा लिहायचा तर पसारा. सरांनी दोघांना समोर उभं केलं. एकाच्या निबंधात बाकी शुद्धलेखनाचा सगळाच पसारा होता. दुसऱ्याचा निबंध सुबक, काना-मात्रा जागच्या जागी, फक्त मोराला पसारा. सरांनी सुबक मुलाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की उतरवणारा नेहमी जरा बरं लिहितो, कारण पहिल्यांदा सुचण्याचे कष्ट त्याला पडलेले नसतात. मूल कबूल झालं. सर स्टाफरूममध्ये आले ते जवळजवळ नाचतच. "मॅडम, मार्क आणि मत्तय! अगदी तेच!"

मार्काची ग्रीक ओबडधोबड, धापा टाकत पळणारी, प्रत्येक वाक्याला 'आणि लगेच'. मत्तय आणि लूक तेच प्रसंग सांगतात, पुष्कळ ठिकाणी त्याच शब्दांत, पण भाषा नीट करून. म्हणजे मार्क पहिल्या बाकावर आणि ते दोघे मागून डोकावताहेत. त्यांचा सगळ्यात लाडका पुरावा येशूच्या काळच्या हेरोद या सत्ताधीशाचा होता. मार्क त्याला राजा म्हणतो. तो खरं तर राजा नव्हता, मांडलिक होता. मत्तय हुशार, तो गोष्ट सुरू करताना दुरुस्ती करतो, मांडलिक लिहितो. आणि मग थोड्या ओळींनी उतरवता उतरवता दमतो आणि समोर आहे तसं राजा लिहून मोकळा होतो. हे सांगताना सरांचा आवाज मायेनं भरून यायचा. "दमला हो बिचारा. पाचवीच्या पोरासारखा दमला."

नव्या करारातली पौल नावाच्या प्रचारकाची पत्रं त्यांनी मला हेडसरांच्या सूचनांवरून समजावली. आमच्या शाळेत सूचनावही फिरायची. सही प्रत्येक सूचनेखाली हेडसरांचीच, पण निम्म्या क्लार्कनं लिहिलेल्या. सर मजकूर ऐकून ओळखायचे. हेडसर स्वतः लिहीत तेव्हा वाक्य रागात सुरू व्हायचं, मधेच दुसऱ्या रागात शिरायचं आणि पहिलं तसंच लटकत राहायचं. गुळगुळीत, 'सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी' छापाची आली की क्लार्क. पौलाच्या नावावरच्या पत्रांचं असंच आहे, सर म्हणाले. काही पत्रांत माणूस रागावतो, रडतो, वाक्य अर्धं टाकतो, ती त्याची. काही घोटीव पत्रं त्याच्या मागून त्याच्या माणसांनी लिहिली असावीत, यावर पंडितांची अजून भांडणं चालू आहेत. भांडणं चालू आहेत हे सांगताना त्यांना विशेष सुख व्हायचं. हे सगळं चाललेलं असताना हेडसर दारात उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं की पौल कोणत्या वर्गात आहे.

सरांच्या बायकोला सगळा गाव सिस्टर म्हणायचा. कशेळ्याच्या आरोग्य केंद्रात त्या नर्स होत्या, वाड्यावाड्यांतून अख्खी एक पिढी त्यांच्या हातावर जन्मली होती. सरही त्यांना सिस्टरच म्हणत, आणि अहोजाहो करत. सिस्टरना शुभवर्तमान कुणी लिहिलं याचं काही पडलेलं नव्हतं. बाळ कुणाचं हे विचारत बसलं तर नाळ कोण कापणार, असं त्या म्हणायच्या. सर यावर टाळ्या वाजवायचे आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा तेच स्कूटरवर ऐकवायचे.

कर्जतच्या प्रार्थनामंदिरात उपासनेला शास्त्रवाचन करण्याचा मान कित्येक वर्षं सरांचा होता. मी ईस्टरला जेवायला म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांचं वाचन ऐकलं. वर्गातले सर आणि हे सर वेगळेच. आवाज खोल, सावकाश, एकेक शब्द जणू हातात घेऊन खाली ठेवलेला. माझ्या शेजारी सिस्टर पदर सावरून बसल्या होत्या, आणि नवऱ्याची थट्टा करणाऱ्या त्या बाईंच्या चेहऱ्यावर मला साधा सरळ अभिमान दिसला.

त्या वर्षी वाचायचा पाठ होता मार्काचा शेवटचा अध्याय. रविवारी पहाटे तीन बायका येशूच्या कबरीकडे येतात. तोंडावरची धोंड सरकलेली. आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण सांगतो की तो इथे नाही, उठला आहे, जाऊन त्याच्या शिष्यांना सांगा. बायका थरथर कापत पळत सुटतात आणि भीतीपोटी कुणाला काहीच सांगत नाहीत. इथपर्यंत सर आले. आठवं वचन संपलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि जागेवर जाऊन बसले.

मंडळी वाट बघत राहिली. मागच्या पटांगणात मटणाच्या पातेल्यावरचं झाकण वाजलं ते ऐकू आलं. मंदिराचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी हळूच सांगितलं की सर, अध्याय अजून आहे, पुढं वाचा.

सर बसल्या जागेवरून म्हणाले, "पुढचं मार्काचं नाही, पाळकसाहेब. हात वेगळा आहे."

जुन्यातल्या जुन्या प्रतींमध्ये मजकूर तिथंच संपतो, आणि पुढची वचनं नंतर कुणीतरी जोडली, हे सरांनी मला बांधावर, रस्त्यावर, स्टाफरूममध्ये शंभरदा सांगितलं होतं. पण ईस्टरच्या दिवशी, नवे कपडे घालून आलेल्या मंडळीसमोर ते असं करतील याची मला कल्पना नव्हती. एक म्हातारी मोठ्यानं शेजारणीला विचारत होती, मग तो दिसला की नाही कुणाला? पाळकसाहेब उठले, पुस्तक उघडलं आणि उरलेली वचनं त्यांनी स्वतः वाचली. सिस्टर समोर बघत राहिल्या. जेवणात त्यांनी सरांच्या ताटात वाढलं नाही, पातेलं नुसतं समोर सरकवलं.

त्यानंतर सरांचं वाचन बंद झालं. पाळकसाहेबांनी भांडण केलं नाही, घरी येऊन नीट सांगितलं. पूर्ण अध्याय वाचायची तयारी असेल तेव्हा कळवा, जागा तुमचीच आहे. सरांनी मान डोलावली, चहा दिला, आणि कळवलं काही नाही. दर रविवारी ते शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागले. शाळेत येऊन हा किस्सा असा रंगवायचे की शिपाईमामा हसून हसून भिंतीला टेकायचे. पण एका दुपारी शाळा सुटल्यावर मी विसरलेला डबा घ्यायला परत गेले, तर सर रिकाम्या नववीसमोर उभे राहून मोठ्यानं वाचत होते. मराठीचंच पुस्तक होतं, पण आवाज रविवारचा होता. मी डबा न घेता परत फिरले.

वर्ष असंच गेलं. घरात सिस्टर बोलायच्या, पण त्या विषयावर नाही, आणि बाकी विषयांवरही जरा कमीच. स्कूटरवर सर आता पुष्कळदा रस्त्याकडे बघू लागले होते. मला ते फार अस्वस्थ करायचं.

मग दुसरी घटक चाचणी आली. मराठीच्या पेपरला मी पर्यवेक्षक होते. आठवीतली एक मुलगी निबंध लिहिता लिहिता चक्कर येऊन बाकावरून घसरली. सकाळी काही न खाता आली होती. मी तिला उचलून स्टाफरूममध्ये नेलं, साखरपाणी दिलं, आणि वर्गावर मामांना उभं केलं. मामांनी वर्गाकडे पाठ करून खिडकीतून कोंबड्यांवर लक्ष ठेवलं असावं.

पेपर तपासताना सरांची खुर्ची करकरली. मी वर पाहिलं, तर त्यांनी एक उत्तरपत्रिका उजेडाकडे धरली होती. निबंधाचा विषय होता 'एक धाडसी प्रसंग'. रात्री विहिरीत माणूस पडतो, गावात कुणाला पत्ता नाही, तो आतून हाका मारतो, आणि तिथे मुलीला चक्कर आली होती. पण निबंध पुढे चालू होता. लोक जमले, दोर टाकला, माणूस वर आला, त्याला कांदाभाकर दिली. आणि अक्षर दुसरं.

शेजारी बसणाऱ्या मुलीला बोलावलं. धीट पोर, मान खाली न घालता उभी राहिली. सरांनी शांतपणे विचारलं, की हे तू का लिहिलंस.

"सर, ती चक्कर येऊन पडली ना. तिचा मानूस हिरीत व्हता. त्याला तसाच ठेवू काय आमी?"

सरांनी पुन्हा उत्तरपत्रिकेकडे पाहिलं. पोरीला वाटलं आता शिक्षा, म्हणून तिनं घाईघाईनं सांगितलं की मी तिच्यासारखंच लिहायला बघितलं, पण माझं अक्षर मोठं येतं. मग सरांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं. ते पोटात उतरलं, टेबल हललं, शाईची बाटली पडली. पोरगीही हसायला लागली, कशाला ते न कळता, आणि मग मीही. सरांनी उत्तरपत्रिका पुढे ओढली, विहिरीतल्या हाकांखाली तांबडी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: इथपर्यंत तू, इथून पुढे तुझी मैत्रीण, दोन्ही चांगलं.

"मॅडम, चला," ते म्हणाले.

कुठे ते सांगितलं नाही. स्कूटर सुटली ती थेट कर्जतला, आणि पूर्ण रस्ताभर सरांचं तोंड माझ्याकडे. एवढी वर्षं मी तो शेवट जोडणाऱ्या माणसाला लबाड म्हणत आलो, ते ओरडत होते. मार्काच्या वहीत घुसखोरी करणारा म्हणत आलो. मॅडम, तो दोर घेऊन आला होता. त्याला त्या बायका अशा पळताना सोडवेनात. समोरून विटांचा टेंपो आला आणि त्याच्या ड्रायव्हरनं आम्हाला जे ऐकवलं त्याचा कर्ता निश्चित होता.

पाळकसाहेब घराच्या ओट्यावर मिक्सर उघडून बसले होते, मांडीवर मुलगी. सरांनी सलाम केला आणि उभ्या उभ्याच विहिरीची सगळी गोष्ट सांगितली. पाळकसाहेब हसले, आणि मग म्हणाले की शेवट नंतरचा आहे हे त्यांना सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. घरातल्या बायबलमध्ये त्या ठिकाणी खाली टीपसुद्धा आहे.

सर ओट्यावर बसले. "मग तुम्ही वर्षभर माझ्याशी भांडलात कशावरून?"

"मी कुठं भांडलो सर? कुणी लिहिलं यावर माझं काहीच म्हणणं नव्हतं. ती म्हातारी त्या दिवशी जेवली नाही, एवढंच."

सरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी मिक्सरचा एक स्क्रू उचलून पाळकसाहेबांच्या हातात दिला. मग त्यांनी विचारलं की येत्या ईस्टरला वाचू का, पूर्ण अध्याय. फक्त आठव्या वचनानंतर मला एक वाक्य बोलू द्या. पाळकसाहेबांनी विचार केला आणि एका वाक्याची परवानगी दिली. एकच, असं त्यांनी बोट वर करून बजावलं.

ईस्टरला मी मुद्दाम लवकर गेले. सरांनी नवा सदरा घातला होता. म्हातारी पहिल्या रांगेत, या वेळी मला शेवटपर्यंत ऐकायचंय असं सगळ्यांना सांगून बसलेली. सर वाचायला उभे राहिले. धोंड सरकली, तरुण बोलला, बायका पळाल्या. आठव्या वचनापाशी ते थांबले. सिस्टरनी माझं मनगट धरलं.

सरांनी पुस्तकावरून नजर उचलली आणि आपलं एक वाक्य सुरू केलं. मार्क इथे थांबला, आणि का थांबला ते कुणाला माहीत नाही, कदाचित त्याला इथेच थांबायचं होतं, कदाचित पान फाटलं, कदाचित चक्कर आली, पण त्याच्या मागून कुणी एक भला माणूस आला, ज्यानं आपलं नाव कुठेच घातलं नाही, आणि ज्याला हे बघवेना की बायका घाबरून पळताहेत आणि आपण सगळे इथे रिकाम्या कबरीपाशी उभे आहोत, म्हणून त्यानं आपल्या वेगळ्या अक्षरात, जे त्याला लपवता आलं नाही, आणि चौकजवळच्या एका मुलीलाही परवा लपवता आलं नाही, कारण तिचं अक्षर मोठं येतं... इथे पाळकसाहेबांनी बोट वर केलं. सरांनी त्यांच्याकडे बघून मान लववली, वाक्यात अजून पूर्णविराम आलेला नाही असं दाखवत, आणि म्हणाले, की, त्यानं दोर टाकला, तो आता ऐका.

आणि त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. शेवटचं आमेन म्हातारीचं सगळ्यात मोठं होतं.

जेवायला आम्ही एकाच पंगतीत बसलो. सिस्टर वाढत होत्या, सरांच्या ताटात सगळ्यात आधी. पाळकसाहेब म्हणाले की सर, एक गोष्ट मात्र मला सेमिनरीतही कुणी सांगितली नाही. त्या बायकांनी जर कुणालाच काही सांगितलं नाही, तर मार्काला हे कळलं कसं?

सरांनी पुरी खाली ठेवली. या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं नाही, त्यांच्याकडे त्याची सात-आठ उत्तरं होती, आणि त्यांतलं एकही त्यांना पटत नव्हतं.

सिस्टर रस्सा वाढता वाढता म्हणाल्या, "त्यात काय आहे. 'कुणाला सांगू नकोस हं' असं एकेकीला सांगत सांगत गेल्या असतील."

पंगत गदगदली. पाळकसाहेबांना ठसका लागला. सर मात्र हसले नाहीत. ते बायकोकडे असे बघत होते जसं मी त्यांना कुठल्याही ग्रीक पानाकडे बघताना पाहिलं नव्हतं.

"सिस्टर," ते म्हणाले, "हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"लग्न झाल्यापासून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"अहो, तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला असता," सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या ताटाकडे वळल्या.